घोटभर पाणी आणि नवनाथचे पान

एकदा एक शिष्य आपल्या वृद्ध गुरूंसमोर लॅपटॉप उघडून बसला आणि म्हणाला, "मास्तर, दादाचं पान झालं. सोमवारी त्याच्या वाढदिवसाला सगळ्या तालुक्याला पाठवायचंय. तुम्ही फक्त एकदा नजर टाका."

मास्तरांनी आयुष्यभर वर्तमानपत्राची पाने लावली होती. म्हातारपणी ते वेबसाइटची पाने करायला शिकले आणि एका भुसार व्यापाऱ्याच्या दुकानावरच्या खोलीत, येईल त्याला ती विद्या शिकवू लागले. हा शिष्य नववीतून शाळा सोडलेला. हात चलाख, डोके तापट. मनात आले की केले, असा.

त्याला एक थोरला भाऊ होता, नवनाथ. कोणाला रक्त लागले की तालुक्यात कुठेही धावून जाणारा. दोन महिन्यांपूर्वी घाटात त्याच्या मोटारसायकलला अपघात झाला. त्या दिवशी त्याच्यासाठी ओळखीची आणि अनोळखी माणसे दवाखान्याबाहेर बाह्या वर करून रांगेत उभी राहिली. नवनाथ वाचला नाही. पण ती रांग शिष्याच्या डोळ्यांपुढून हलली नाही. भावाची आठवण येऊन रडू फुटले की पाठोपाठ ती रांग दिसे, आणि रांग दिसली की त्याचे हात आपोआप जोडले जात.

म्हणून त्याने ठरवले की तालुक्यात रक्त देऊ शकणाऱ्या माणसांचे एक पान करायचे. गरज लागली की कोणीही मोबाइलवर ते उघडावे आणि दाता गाठावा. पान दादाच्या नावाने.

मास्तरांनी चष्मा लावला आणि पान उघडले. आधी स्क्रीनभर नवनाथचा हार घातलेला फोटो आला. वरून झेंडूच्या पाकळ्या गळू लागल्या. बासरी वाजू लागली. फोटोखाली नवनाथचे जन्मापासूनचे चरित्र होते. त्याखाली मोठ्या अक्षरांत 'आम्ही ऋणी आहोत', आणि त्या दिवशी दवाखान्यात आलेल्या प्रत्येकाचे नाव, पुढाऱ्यांपासून चहावाल्यापर्यंत. मग प्रेरणास्थान, मार्गदर्शक, सौजन्य. कोणी राहून जाऊ नये म्हणून शेवटी 'आणि समस्त मित्रपरिवार'. सगळ्यात तळाशी एक कमळाचे चित्र होते. ते दाबले की दात्यांची यादी उघडे.

"कसं झालंय?" शिष्याने विचारले.

"मला विचारून काय उपयोग? मी कुठं रक्त शोधायला आलोय?" असे म्हणून मास्तर उठले. कोपऱ्यातल्या माठातून त्यांनी फुलपात्र भरून आणले आणि शिष्यापुढे धरले. "यातलं घोटभर पाणी तोंडात घे. गिळायचं नाही. थुंकायचंही नाही. मी सांगेपर्यंत तसंच बसायचं."

"का?"

"घे तर आधी."

शिष्याने पाणी तोंडात घेतले. मास्तर खिडकीशी गेले आणि खाली वाकून त्यांनी हाक मारली, "शेठ, जरा वर येता का? थोडं काम आहे."

भुसार व्यापारी धापा टाकीत जिना चढून आले. "मास्तर, गुडघे तुमचे दुखतात आणि जिने मी चढायचे, हा कुठला न्याय?" मग त्यांचे लक्ष शिष्याकडे गेले. "याचे गाल का फुगलेत? दाढ सुजलीये का?"

"व्रत आहे त्याचं," मास्तर म्हणाले. त्यांनी शेठजींच्या हातात मोबाइल दिला. "असं धरून चाला की तुमचा जावई दवाखान्यात आहे. त्याला आत्ताच्या आत्ता बी निगेटिव्ह रक्त हवंय. या पानावरून देणारा माणूस शोधा."

"जावई कशाला, तो बरा आहे बिचारा. व्याही धरू."

"बरं, व्याही धरा. पण शोधा."

शेठजींनी पान उघडले. फोटो दिसताच त्यांनी मोबाइल मांडीवर ठेवून हात जोडले. "देवमाणूस होता." मग पाकळ्या पडताना पाहत राहिले. मग म्हणाले, "ही बासरी बंद कशी करायची?"

शिष्याने बोट पुढे केले. मास्तरांनी त्याचा हात धरून खाली ठेवला.

शेठजींचे बोट स्क्रीनवर सरकू लागले. चरित्र भराभर मागे गेले. नावे आली तसे बोट हळू झाले. ते एकेक नाव ओठांतल्या ओठांत वाचू लागले. एका ठिकाणी थांबले.

"माझं नाव त्या सिमेंटवाल्याच्या खाली?"

शिष्याने मान जोरजोरात हलवली. तसे काही मनात नव्हते, आठवतील तशी नावे लिहिली, हे त्याला सांगायचे होते. पण तोंड मिटलेले. दोन थेंब शर्टावर सांडले, तेवढेच.

"अरे, तो त्या दिवशी गाडीतून उतरलासुद्धा नव्हता," शेठजी म्हणाले. "काच खाली करून विचारत होता, कसं आहे म्हणून. मी रक्त दिलं होतं रे. माझी बीपीची गोळी चालू, तरी डॉक्टरांना विचारून दिलं."

खालून दुकानातल्या माणसाची हाक आली. शेठजी उठले, मोबाइल मास्तरांच्या हातात देत म्हणाले, "छान झालंय पान. तेवढं नावाचं बघ रे पोरा."

ते जिन्यात पोहोचले तेव्हा मास्तरांनी विचारले, "शेठ, आणि रक्त?"

"कसलं रक्त?" शेठजींनी वळून विचारले आणि ते खाली उतरले.

शिष्याचे कान लाल झाले. तो खिडकीकडे जाऊ लागला. मास्तरांनी मानेनेच नाही म्हटले. "अजून एक जण यायचं आहे."

गल्लीच्या पलीकडे शकिलाबी राहत. ब्लाउज शिवून घर चालवीत. गेल्या वर्षी त्यांच्या सुनेच्या बाळंतपणात अचानक रक्त लागले होते, हे मास्तरांना ठाऊक होते, म्हणून त्यांनी सकाळीच निरोप धाडला होता. त्या आल्या त्या गळ्यात मापाची टेप तशीच ठेवून.

"मास्तर, माझा चष्मा मशीनवर राहिला. घेऊन येते."

"त्या दिवशी दवाखान्यात होता का चष्मा?"

"कुठला चष्मा? पायात चप्पल नव्हती माझ्या."

"मग राहू द्या. असंच बघा."

शकिलाबींनी मोबाइल डोळ्यांपासून लांब धरला, पुन्हा जवळ आणला. फोटो ओळखीचा वाटला तशा त्या खाली बसल्या. बासरी वाजत राहिली. बऱ्याच वेळाने त्यांनी पदराने डोळे पुसले आणि शिष्याकडे पाहिले.

"तू त्याचा धाकटा ना? नाक तसंच आहे."

शिष्याने मान हलवली.

"सुनेला आत नेलं होतं बघ. कुणीतरी याचा नंबर दिला. मी फोनवर नुसती रडत होते, मला बोलायलाच येईना. हा म्हणाला, मावशी, दवाखाना कुठला? मी सांगितला. म्हणाला, मजला कितवा? तोही सांगितला. म्हणाला, निघालो. बस. नाव सांगितलं नाही की गाव सांगितलं नाही. नातू घरी आल्यावर मी विचारत विचारत तुमच्या दारापर्यंत आले, तेव्हा कळलं की हा नवनाथ."

तोंडातले पाणी सांभाळणे शिष्याला जड जाऊ लागले. मास्तर हळूच म्हणाले, "शकिलाबी, त्या दिवशी सुनेला ओ पॉझिटिव्ह हवं होतं ना? आता समजा नवनाथ नाही, आणि हे पान आहे. शोधा."

त्यांनी शोधायला सुरुवात केली. अक्षरे बारीक. चरित्रात त्या रेंगाळल्या, नावांत हरवल्या, तळाशी पोहोचल्या. "फूल छान काढलंय," म्हणाल्या आणि पुन्हा वर गेल्या. शिष्याचा पाय जमिनीवर आपटू लागला. त्याने दोन्ही हातांनी कमळ करून दाखवले. शकिलाबींना वाटले तो नमस्कार करतोय. त्यांनीही केला.

शेवटी चुकून त्यांचा अंगठा कमळावर पडला आणि यादी उघडली. यादी गावांप्रमाणे लावलेली होती. रक्तगट अगदी शेवटच्या रकान्यात. त्यांनी कसाबसा एक ओ पॉझिटिव्ह शोधला आणि त्याच्या नंबरावर बोट दाबले. काहीच झाले नाही. पुन्हा दाबले.

"हा फोन लागत नाही. नंबर लिहून घ्यायचा का? पेन आहे?" मग त्यांनी मोबाइल खाली ठेवला. "बाळा, रागावू नकोस. आज मला या फोटोपुढं बसून राहावंसं वाटतंय. पण त्या दिवशी मला कुणाचा फोटो बघवला नसता. अल्लाचं नावसुद्धा मी घरी परतताना रिक्षात घेतलं."

त्या गेल्या. मास्तरांनी मान डोलावताच शिष्याने खिडकीबाहेर पाणी टाकले. खालून शेठजींचा आवाज आला, "कोण रे तो?" पण शिष्याचे तिकडे लक्ष नव्हते. अडवून धरलेले सगळे एकदम बाहेर आले.

"मग काय करू, मास्तर? दादाला काढून टाकू? खाली तळाला लोटू? जेमतेम दोन महिने झाले आणि लोक विचारायला लागले, त्याची मोटारसायकल विकणार का म्हणून. आईसुद्धा आता त्याचं ताट मांडत नाही. एका पानावर तरी तो वर राहू दे. तेवढंही नको का?"

त्याने लॅपटॉप धाडकन मिटला आणि तो जिन्याच्या वरच्या पायरीवर जाऊन बसला. मास्तरांनी त्याला थोडा वेळ तसेच बसू दिले. मग गुडघ्यावर हात ठेवीत ते त्याच्या शेजारी टेकले.

"तोंडात पाणी का धरायला लावलं, कळलं?"

"मी मध्ये बोलू नये म्हणून."

"हो. कारण हे पान उघडेल तेव्हा तू तिथे नसशील. दवाखान्याच्या व्हरांड्यात एक घाबरलेला माणूस असेल, त्याच्या हातात मोबाइल असेल, आणि तू लिहिलेले शब्द असतील. त्याला तुझं बोट दिसणार नाही, तुझी तळमळ ऐकू जाणार नाही. आज तोंड मिटलेलं असताना तुला जे जे ओरडून सांगावंसं वाटलं, ते पानावर हवं होतं आणि नव्हतं. आणि पानावर जे भरभरून आहे, त्यातलं एकही वाक्य तुला त्या वेळी सांगावंसं वाटलं नाही. आपण कोणासाठी लिहितो, हे असं तोंड मिटल्यावरच कळतं."



"आणि नवनाथचं म्हणशील, तर त्यालाही आता बोलता येत नाही. त्याच्या वतीने हे पान बोलणार. तो असता तर शकिलाबींना त्याने आधी काय सांगितलं असतं? आपलं चरित्र?"

शिष्य म्हणाला, "दवाखाना कुठला, म्हणाला असता."

"मग जे पान उघडताच तेवढंच विचारतं, त्या पानात तो जितका आहे तितका कुठल्या फोटोत असेल?"

 शिष्याने विचारले, "पण ज्यांनी दादाला रक्त दिलं, त्यांचे आभार? ते नकोत मानायला?"

"अवश्य मान. त्यांच्या घरी जाऊन मान. पाय धड आहेत तुझे."

त्या दुपारी शिष्याने कोरा कागद घेतला. शकिलाबी त्या दिवशी अनवाणी उभ्या होत्या, त्या व्हरांड्यात तो मनाने जाऊन उभा राहिला. तिथे उभ्या माणसाला आधी काय हवे असेल, मग काय, एवढेच त्याने लिहिले आणि पुष्कळसे खोडले. बासरी गेली, पाकळ्या गेल्या. पान उघडले की आता ठळक अक्षरांत एक प्रश्न येई: कोणते रक्त हवे आहे? त्याखाली रक्तगटांची बोटभर मोठी बटणे. एक दाबले की दुसरा प्रश्न: दवाखाना कुठला? तो सांगितला की जवळच्या गावांतली माणसे आधी दिसत, आणि नावापुढचे हिरवे बटण दाबले की थेट फोन लागे. नवनाथचा फोटो तळाशी गेला, लहान, हाराशिवायचा. तो ज्यात मोटारसायकलवर बसून हसतोय, तो. फोटोखाली एकच ओळ: काही अडले तर इथे सांगा, आणि शिष्याचा नंबर.

उरलेले दिवस तो सायकल घेऊन आभार मानत फिरला. पानावर नावे लिहिणे सोपे होते, हे त्याला तेव्हा कळले. एका दारात त्याला चहा मिळाला. एका दारात एक म्हातारा त्याचा हात धरून नुसता बसून राहिला. शाळेच्या एका शिपायाला तर आपण कोणाला रक्त दिले हेच माहीत नव्हते. "तो वाचला का?" त्याने विचारले. नाही म्हणताना शिष्याला हुंदका आला, तेव्हा त्या माणसाने त्याला जवळ घेतले. मग म्हणाला, "आभार राहू दे. मला तुझ्या यादीत घे." निघताना बहुतेक सगळे हेच म्हणत. जुन्या पानावर जी नावे आभारात होती, ती एकेक करून, विचारून, यादीत आली.

रविवारी मास्तरांनी शकिलाबींना पुन्हा बोलावले. चष्म्याशिवाय. शिष्याने आपण होऊन तोंडात पाणी घेतले. शकिलाबींनी मोबाइल लांब धरला, एक बटण दाबले, दुसरे दाबले, मग हिरवे दाबले. लगेच खालच्या दुकानात फोन वाजला. शेठजींचा आवाज मोबाइलमधून आला आणि खिडकीतूनही आला, "हां, बोला. कुठल्या दवाखान्यात यायचं?"

शकिलाबी हसू लागल्या. शिष्यालाही हसू आवरेना, आणि सगळे पाणी त्याच्या शर्टावर सांडले. दोन महिन्यांत तो पहिल्यांदाच हसला होता.

"शेठ, कुठं जायचं नाही," मास्तर खिडकीतून म्हणाले. "तपासणी चालली आहे."

"मग आधी सांगायचं ना. मी चप्पल घातली."

सोमवारी पान तालुक्याला गेले. वाढदिवसाला जमलेल्यांतल्या काहींनी नावे शोधली, ती दिसली नाहीत म्हणून नाके मुरडली. शिष्याने ऐकून घेतले.

पुढे एका दुपारी मास्तरांच्या खोलीत बसलेला असताना त्याचा फोन वाजला. आवाज अनोळखी होता आणि घाईत होता.

"ते रक्ताचं पान तुमचं का?"

"हो. काही अडलं का?"

"बहिणीला रक्त मिळालं, आता ठीक आहे ती. पण ओ पॉझिटिव्हमधला पहिलाच नंबर बंद आहे तुमचा. मी तोच लावत बसलो. तो काढा, नाहीतर पुढच्या माणसाचा वेळ जाईल." आणि फोन बंद झाला. त्याने नाव सांगितले नाही. आभारही मानले नाहीत. त्याला बहिणीकडे जायचे होते.

शिष्य फोन हातात धरून बसला.

तो नंबर नवनाथचा होता. यादी करताना त्याने सगळ्यात आधी तोच लिहिला होता. नंतर सगळे पान उलटेपालटे केले, पण त्या एका ओळीला हात लावायला तो धजावला नव्हता. मास्तरांनाही सांगितले नव्हते. नंबर बंद आहे हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक असणार? रोज एकदा तो स्वतःच लावून बघत असे.

"काय रे?" मास्तरांनी विचारले.

"एक ओळ दुरुस्त करायची आहे."

त्याने लॅपटॉप उघडला. यादीतली ती ओळ उघडली आणि बराच वेळ तिच्याकडे पाहिले. मग नंबर पुसला. नाव पुसले. दोघा भावांचा रक्तगट एकच होता. रिकाम्या जागी त्याने आपले नाव लिहिले, आपला नंबर लिहिला. आडनाव आणि गाव बदलावे लागले नाही.

मास्तरांनी मागून ते पाहिले आणि शिष्याच्या पाठीवर हात ठेवला. शिष्याने, ज्याचे नाव त्याला कधीच कळणार नव्हते त्या फोनवरच्या माणसाला, मनातल्या मनात हात जोडले. त्या माणसाने ती ओळ दाखवली नसती, तर ती पुसण्याचे बळ आपल्याला कुठून आले असते? मग त्याने मोबाइलचा आवाज मोठा करून तो हाताशी ठेवला.

ज्यांचे आपल्यावर ऋण आहे त्यांच्यासाठी काही लिहायला बसलो, तर त्यांचे नाव कुठे घालावे हे ठरवण्याआधी, त्यांचे काम कुठे अडून राहिले आहे ते पाहावे.